मागचं काळीज

शिंपिणीने ट्रॉलीच्या पुढच्या चाकाला पाय लावला. ट्रॉली कचकन थांबली आणि चादरीखालचा नणंदेचा हात घसरून कडेला लोंबू लागला.

"बाई, पाय काढा, चिरडेल," ट्रॉलीवाला म्हणाला. त्याच्या मिशा पिकलेल्या होत्या आणि सकाळपासून त्याला टेकायला मिळाले नव्हते.

"चिरडू दे. ही खाली जाणार नाही."

खाली म्हणजे शवागार. नणंद कालव्याच्या दारांवर कामाला होती. सकाळी अडकलेले दार सोडवायला वाकली आणि तोल जाऊन आत गेली. बाहेर काढेपर्यंत अर्धा तास उलटला होता. इस्पितळात तिच्या छातीला तारा लावल्या, तर कागदावर नुसती सरळ रेघ. डॉक्टरांनी वेळ लिहून टाकली, अकरा वाजून दहा मिनिटे.

आता त्याच डॉक्टरीणबाई हातात फॉर्म घेऊन बाहेर आल्या. वयाने तरुण, डोळ्यांखाली काळे.

"तुम्ही यांच्या कोण?"

"भावजय."

"मग इथे सही करा."

"ती मेलेली नाही. गारवी लोकांतली आहे ती. त्यांना दोन काळजं असतात. पुढचं बंद पडलं की मागचं चालतं. तिला पालथी करा."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. गारवींवरचा धडा त्यांनी वाचलेला होता. थंड कातडी, पाळ्या नसलेले कान, रेघा नसलेले तळहात, डोळ्यांवर आतून ओढली जाणारी दुसरी पापणी. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असे.

"कमरेच्या वर फुगवटा असतो, तोच ना? ती चरबीची गाठ आहे. आम्हाला शिकवलंय."

"शिकवणाऱ्याने कधी गारवी माणसाचा सदरा बेतलाय?"

"म्हणजे?"

"बावीस वर्षं शिवतेय मी यांचे कपडे. पाठीला दोन बोटं चुणी सोडावी लागते. नाही सोडली, तर तासाभरात माणूस चक्कर येऊन पडतो. चरबीच्या गाठीला एवढा नखरा कशाला हवा?"

ट्रॉलीवाल्याला हसू आले. त्याने ते खोकून दडवले.

"सहा-सात मिनिटांनी एक ठोका पडतो," शिंपीण म्हणाली. "डोकं जिवंत राहील, तेवढ्यापुरता. ऊब मिळाली तर दिवसभरात पुढचं आपलं आपण चालू होतं. गारठ्यात ठेवलं तर दोन्ही जातात."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नवऱ्याने." तिने चादरीची कड सारखी केली. ती आधीच सारखी होती. "पाच वर्षांपूर्वी विजेचा धक्का बसून तोही इथेच आला होता. अकरा वर्षं त्या काळजावर हात ठेवून झोपले होते मी. पण डॉक्टर म्हणाले, गेला. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, आपण कशाला मध्ये तोंड घालायचं. सही केली. पाठीला हात लावूनसुद्धा बघितलं नाही."

डॉक्टरांनी पेनाचे टोपण लावले, मग पुन्हा काढले.

"दहा मिनिटं देते. मग सही करायची."

"सही मी करणार नाही. दहा मिनिटं मात्र घेते."

तिघांनी मिळून नणंदेला पालथी केली. शिंपिणीने ओला सदरा वर सारला, डॉक्टरांचा हात मनगटाला धरून उचलला आणि कमरेच्या वर, मणक्याच्या डाव्या अंगाला ठेवला.

"दाबू नका. झोपलेल्या लेकरावर ठेवतो ना, तसा."

भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेले. दोन. चार. कातडी दगडासारखी गार होती. पाचव्या मिनिटाला कुणीतरी डॉक्टरांना दुसऱ्या वॉर्डातून हाक मारली. सहाव्या मिनिटाला त्यांनी हात उचलायला घेतला.

शिंपिणीने तो वरून दाबून धरला. "अजून चार मिनिटं माझी आहेत."

आणि मग आतून काहीतरी हलले. जाड रजईखाली कुणी सावकाश कूस बदलावी, तसे. एकदाच.

हात तिथेच ठेवून डॉक्टर घड्याळाकडे बघत राहिल्या. दहा मिनिटे संपली, ते कुणी बोलून दाखवले नाही. मग दुसरा ठोका आला. त्यांनी डाव्या हाताने फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलेल्या वेळेवर रेघ मारली.

"सिस्टर! गरम पाण्याच्या पिशव्या आणा. ब्लँकेटं असतील तेवढी सगळी."

नर्स धावली. ट्रॉलीवाला मात्र जागचा हलला नाही.

"तुम्हाला काय झालं?" डॉक्टरांनी विचारले.

"आठ वाजता एक गारवी म्हातारा खाली नेलाय मी." तो जमिनीकडे बघत होता. "गिरणीतला. जिन्यावरून पडलेला. बरोबर कुणी नव्हतं, म्हणून लगेच नेला. सही तुमचीच आहे."

डॉक्टरांच्या हातातले पेन खाली पडले. ते उचलायला कुणी वाकले नाही. घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटे होती.

"शवागाराची किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी विचारले.

ट्रॉलीवाल्याने खिशातून किल्ली काढली.

नर्स पिशव्या घेऊन आली होती. शिंपिणीने तिचा तळवा नणंदेच्या पाठीवर नीट बसवून दिला. "इथून हात काढायचा नाही. कुणी काहीही सांगू दे." मग ती जिन्याकडे वळली.

"खाली नातेवाइकांना सोडत नाहीत," ट्रॉलीवाला सवयीने बोलून गेला.

"मी त्या म्हाताऱ्याची कुणीच लागत नाही," ती म्हणाली आणि त्याच्या हातातली किल्ली घेऊन डॉक्टरांच्या पुढे जिना उतरू लागली.