कापडी कावळा

बायको गेल्यावर शिंप्याच्या अंगावर दोन कामं पडली. स्वतःचं जेवण आणि तिच्या कोंबड्या. जेवणाचं कसंबसं निभत होतं. कोंबड्यांचं मात्र छान चाललं होतं, ससाणा येईपर्यंत.

एका दुपारी तो मशीनवर बसून पॅंट आखूड करत होता, तेवढ्यात परसात फडफड झाली. कात्री हातात घेऊनच तो धावला, पण उशीर झाला होता. एक तलंग, अजून अंड्यावरही न आलेली, गेली होती. जमिनीवर पिसं उरली होती. बाकीच्या कोंबड्या खुराड्याखाली एकमेकींच्या अंगावर चढून बसल्या होत्या. फक्त ठिपक्यांची म्हातारी उघड्यावर उभी होती. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं. ती बायकोची सगळ्यात लाडकी.

मेहुणी पलीकडच्या गल्लीत राहायची. तिच्याकडे पत्र्याची बंदिस्त शेड होती. तिने येऊन पिसं पाहिली आणि सगळ्या कोंबड्या माझ्याकडे द्या म्हणाली. शिंपी बघतो म्हणाला.

"बघता बघता संपतील," ती म्हणाली. "भावोजी, अजून एक गेली तर विचारायला येणार नाही. पाटी घेऊनच येईन."

तिचं चुकत नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण सकाळी खुराड्याचं दार उघडलं की निदान कुणीतरी कुरकुर करत त्याच्या पायाशी यायचं. त्या गेल्या असत्या तर घरात मशीनशिवाय कुणाचा आवाज उरला नसता.

त्याने जाळी शिवून परसावर ताणली. मधल्या झाडाने ती पहिल्याच वाऱ्यात फाडली, आणि ती सोडवताना तो स्वतःच तिच्यात अडकला. मग त्याने कोंबड्या कोंडून ठेवल्या, तर त्या एकमेकींना टोचायला लागल्या आणि अंडी बंद झाली. शेवटी त्यांना मोकळं सोडून तो काठी घेऊन परसातच खुर्ची टाकून बसला. कामं तुंबली. एका गिऱ्हाईकाने आत येऊन विचारलं, आता कोंबड्यांचे कपडे शिवता का.

असाच बसलेला असताना त्याला ससाणा दिसला. शेजारच्या बेकरीच्या छपरावरून तो सरळ इकडेच येत होता. शिंप्याने काठी उचलली. पण बेकरीच्या धुराड्यामागून कावळे उठले आणि आरडाओरडा करत ससाण्याच्या मागे लागले. एकाने तर शेपटीला चोच मारली. ससाणा वळला आणि लांब निघून गेला.

शिंप्याने काठी खाली ठेवली आणि आपल्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्याने शिवलेला कापडी कावळा उलटा लटकत होता.

बायको रोज सकाळी त्या भिंतीवर शिळा पाव कुस्करून ठेवायची. उशीर झाला तर कावळे स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन ओरडायचे, आणि ती आतून म्हणायची, "थांबा की मेल्यांनो, हातातलं टाकून येऊ का?" ती गेल्यावरही ते येत राहिले. खिडकीतून मान वाकडी करून आत बघायचे. शिंप्याला ते सोसवेना. मेलेला कावळा टांगला की बाकीचे फिरकत नाहीत, असं त्याने ऐकलं होतं. कोटाचं काळं कापड उरलं होतं. त्याने पंख बेतले, आत चिंध्या भरल्या, डोळ्यांना बटणं लावली. हाताला कच्चं काम माहीतच नव्हतं. कावळ्यांनी एकदाच जमून भयंकर कालवा केला, आणि पुन्हा भिंतीवर कुणी बसलं नाही. ससाणा त्यानंतरच यायला लागला होता. हे त्याच्या आता ध्यानात आलं.

त्याने स्टूल आणलं, कावळा काढला आणि भिंतीवर पाव ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशीचाही मुंग्यांनीच खाल्ला. पुढे एक कावळा समोरच्या खांबावर येऊन नुसता बघत बसायला लागला. मग एकदा भिंत रिकामी दिसली, आणि मुंग्याही नव्हत्या.

कोंबड्या आता राखणीशिवाय मोकळ्या सोडल्यात हे कळल्यावर मेहुणी आणखी एक जायची वाट न पाहता पाटी घेऊन आली. भिंतीवर पाव खाणारे कावळे पाहून तिने कपाळाला हात लावला. चोर कमी होते म्हणून आणखी बोलावलेत का, म्हणाली. अंडी जातील.

"अंडं गेलं तर चालेल," शिंपी म्हणाला. "तू बस."

तिचा चहा अर्धा झाला होता, तेवढ्यात कावळे एकदम ओरडत उठले. बेकरीच्या छपरामागून ससाणा खाली येत होता. कोंबड्या खुराड्याखाली पळाल्या. कावळ्यांचा आवाज ऐकून म्हातारीही धावली, चुकीच्या दिशेने, आणि मेहुणीच्या रिकाम्या पाटीत जाऊन बसली. मेहुणीने तिला आपल्या अंगानेच झाकलं. वर पाहिलं तोवर ससाणा बेकरीपलीकडे गेला होता आणि कावळे त्याच्या मागे होते.

मेहुणी सावरून बसली. मग तिची नजर स्टुलावरच्या कापडी कावळ्यावर गेली. तिने तो हातात घेऊन उलटापालटा केला, शिवण ओढून पाहिली.

"ताईचे कपडे कधी वेळेवर शिवून दिले नाहीत," ती म्हणाली, "आणि याला अस्तर लावलंत?"

शिंपी हसला. कितीतरी दिवसांनी हसला. म्हातारी पाटीतून उठेना, म्हणून मेहुणी पाटी तिथेच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी तो तुंबलेल्या पॅंटा घेऊन लवकरच मशीनवर बसला. म्हातारी मशीनच्या पायडलाशी बसली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ओरडा सुरू झाला. दोरा अर्धवट ओवलेला होता.

"थांबा की मेल्यांनो," शिंपी म्हणाला, आणि पाव घ्यायला उठला.