घुबडोबाच्या पोटातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना देव आहे. दचकू नका, आणि हात तर मुळीच जोडू नका. मी खरा देव नाही. आतून थर्माकोल, वरून कागदाचा लगदा आणि त्यावर काळा रंग, एवढंच माझं भांडवल. माझं नाव घुबडोबा. हे नाव कुण्या गावानं किंवा संतानं ठेवलेलं नाही, एका सिनेमावाल्यानं चहा पिता पिता ठेवलं. माझ्यामुळं एका लहान मुलीचं फार वाईट झालं आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवलं आहे.

माझा जन्म चिकलठाण्यातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवलं कडूबामामांनी. ते गणपतीच्या मंडळांसाठी थर्माकोलची देवळं आणि मखरं करायचे. पुढं थर्माकोलवर बंदी आली आणि मामांचा माल तसाच पडून राहिला. "आता ह्याचं काय लोणचं घालू?" असं ते येईल त्याला विचारायचे.

अशात एक दिवस ऋतुराज आला. तो तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि सुट्टी मिळाली की मोबाईलवर भीतीचे सिनेमे काढायचा. त्याच्या सगळ्या सिनेमांची गोष्ट एकच. कुठंतरी आडरानात एक गुप्त पंथ असतो, काळे झगे घातलेली माणसं भलत्याच देवापुढं घुमत असतात, आणि शहरातली चार पोरं वाट चुकून नेमकी तिथं जाऊन पडतात. असे दोन सिनेमे त्यानं इंटरनेटवर टाकले होते. ते त्याच्या मावशीनं बघितले, आणि तिनंही निम्म्यात सोडले. पण गडी हटणारा नव्हता. तिसऱ्या सिनेमासाठी त्याला एक भयंकर देव पाहिजे होता.

"करतो," मामा म्हणाले, "पण खऱ्या देवावानी नाय करायचा. तसलं पाप माझ्याच्यानं व्हायचं नाय." म्हणून मला घुबडाचं तोंड मिळालं. ट्रकच्या मागं लावतात ते लाल रिफ्लेक्टर माझे डोळे झाले. तोंड उघडं ठेवलं आणि पोट पोकळ, कारण सिनेमात माझ्या तोंडातून बिटाच्या पाण्याचं रक्त वाहायचं होतं. मी तयार झालो तेव्हा मामी चहा घेऊन आल्या आणि "अगं आई गं!" म्हणून तीन पावलं मागं सरल्या. मला तेव्हा लई अभिमान वाटला.

वेरूळच्या अलीकडं, रस्त्याला लागून एक माळ आहे. तिथं आमचं शूटिंग पाच दिवस चाललं. पैशाची बोंब असल्यानं सगळा जुगाड होता. कारखान्यातले जुने एप्रन काळ्या रंगात बुडवून पंथाचे झगे केले होते. धुरासाठी गोवऱ्या पेटवून त्यावर ऊद टाकला. मामांचा लाल रंग संपला, तेव्हा त्यांनी खरा शेंदूर तेलात कालवून माझ्या कपाळाला फासला. आणि पहिल्या शॉटच्या आधी नारळ फोडायची वेळ आली. सिनेमावाल्यांची ती रीतच आहे, कॅमेऱ्याची पूजा केल्याशिवाय काम सुरू होत नाही. पण एवढ्याशा मोबाईलपुढं नारळ फोडायचा कसा? "ह्याच्यापुढंच फोडू," ऋतुराज म्हणाला. त्यानं माझ्या पायाशी नारळ फोडला, डोळे मिटले आणि मनापासून नमस्कार केला. त्याला त्याचा सिनेमा चालायला हवा होता.

हे सगळं भामाबाई बघत होती. ती शेजारच्या वस्तीवर राहायची, शेळ्या वळायची. तिचा मुलगा आणि सून चितेगावला कारखान्यात कामाला होते, त्यांची नऊ वर्षांची दीपमाला आजीपाशी असायची. दीपमालाला फिट्स यायच्या. घाटीच्या सरकारी दवाखान्यातून तिला गोळ्या मिळायच्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्या लागू पडल्या होत्या. दोन महिन्यांत तिला एकही फिट आली नव्हती.

पंथाची माणसं म्हणून ऋतुराजनं वस्तीवरच्या बायकांना झगे घालून माझ्यापुढं बसवलं. भामाबाई पहिल्या ओळीत होती. ती नुसतीच ओठ हलवत होती, ते काही ऋतुराजला पटेना.

"मावशी, असं नाही. खरंच काहीतरी मागा. मनातलं मागितलं ना, तर ते चेहऱ्यावर येतं."

"खरंच मागू व्हय?"

"मागा की."

भामाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. "देवा, माझ्या दीपाच्या फिटा जाऊ दे रे. दुसरं काय नको." मोबाईलमागं उभ्या ऋतुराजच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या सिनेमात तेवढा एकच शॉट खरा होता. आणि मी मूर्ख, तिच्यापुढं छाती काढून बसलो होतो.

कडूबामामांचा एक नेम होता. काम झालं की सेट मोडायचा, मागं सुतळीसुद्धा ठेवायची नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सगळं मोडलं आणि करवत घेऊन माझ्यापाशी आले. पण त्यांचा हात काही उचलेना. कपाळाला खरा शेंदूर, पुढं खरा नारळ फुटलेला.

"राहू द्या मामा, पुढच्या भागाला लागंल," ऋतुराज म्हणाला. भीती त्यालाही वाटत होती, पण इंजिनिअर माणूस, कबूल कसं करणार? मामांनी करवत टेम्पोत टाकली, जाता जाता मला हात जोडले आणि निघून गेले. ज्यानं मला स्वतःच्या हातानं बनवलं, तोच हात जोडून गेला, मग बाकीच्यांनी काय समजायचं?

दीपमालाला पुढचा महिनाही फिट आली नाही. गोळ्या आपलं काम करत होत्या, श्रेय मात्र मला मिळालं. भामाबाईनं वस्तीवर सांगितलं, "शहरातली शिकलेली मानसं त्येच्या पाया पडत्यात, उगंच का?" संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड पडला की माझे डोळे चमकायचे, त्यामुळं मी जागृत ठरलो. मग काय, हळद आली, फुलं आली, तेल-शेंदूर आला, अगरबत्त्या आल्या, कुणीतरी झेंडा लावला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. शेडमध्ये लोणचं घालायच्या लायकीचा मी, आणि आता म्हाताऱ्या बायका माझ्यापुढं डोकं टेकत होत्या. हे चुकतंय, असं माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही.

एका सकाळी भामाबाई पदराला काहीतरी बांधून आली. गाठ सोडली, तर आत दीपमालाच्या गोळ्या.

"दोन-दोन ठिकानी हात पसरला तर तुला वाटंल, म्हातारीचा भरवसा नाय," ती मला म्हणाली. "आता तूच सांभाळ." आणि तिनं एक गोळी माझ्या उघड्या तोंडात टाकली. ती घरंगळत पोटात गेली. संध्याकाळी दुसरी आली. मग रोजच तसं सुरू झालं. मला ओरडायचं होतं, 'अगं बाई, तिला दे, मला नको!' पण थर्माकोलला कुठला आवाज? लेकराचं औषध मी गिळत राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात दीपमालाला फिट आली. ती चुलीपाशी भाकरी शेकत बसली होती. ती तशीच पुढं कोसळली आणि तिचा उजवा हात निखाऱ्यात गेला. भामाबाई तिला कडेवर घेऊन धावत आली, दवाखान्यात नाही, माझ्यापाशी. माझ्यापुढची अगरबत्त्यांची राख ती त्या भाजलेल्या हातावर लावायला लागली. पोर किंचाळत होती.

नशीब म्हणा, त्याच दुपारी ऋतुराज आणि मामा पुढच्या भागासाठी मला न्यायला आले. झेंडा आणि फुलं बघून ऋतुराज हरखला. "मामा, बघा तरी! आयता पंथ तयार झालाय!" म्हणत त्यानं मोबाईल काढला. मामांचं लक्ष मात्र पोरीच्या हाताकडं गेलं.

"बाई, काय करायलीस? तिला दवाखान्यात ने. हा देव नाय गं, मी केलाय ह्याला, ह्या हातांनी."

"मंग?" भामाबाई उसळली. "वेरूळचा कैलास काय आभाळातून पडला? त्यो पन मानसानंच केला ना? तुझ्या हातून देवानंच करून घेतलं आसंल!"

मामा पोरीचा हात बघायला पुढं झाले. एवढ्यात भामाबाईनं कमरेला खोचलेली गोळी काढली आणि सवयीनं माझ्या तोंडात टाकली. मामांनी ती पोटात पडल्याचा आवाज ऐकला. त्यांनी टेम्पोतली करवत आणली आणि या वेळी हात थांबला नाही. माझी पाठ त्यांनी उभी चिरली. तोंडातून आत ओघळलेल्या तेलात, शेंदरात लडबडलेल्या गोळ्या मातीत सांडल्या.

"बघ बाई, बघ. ह्यानं एक पन खाल्ली नाय. पोट हाय ह्याला, पन आत कोन हाय पचवायला?"

भामाबाई खाली बसली. एकेक गोळी उचलून पदराला पुसायला लागली. "मी रोज म्हनायची," ती हळू आवाजात म्हणाली, "देवाला कडू लागत आसंल." ऋतुराजनं मोबाईल खिशात घातला, पोरीला उचललं आणि टेम्पो थेट घाटीला नेला.

दीपमाला वाचली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि फिट्सही थांबल्या. पण उजव्या हाताची बोटं आखडली, ती आता सरळ होत नाहीत. ऋतुराजनं तो सिनेमा कुणाला दाखवला नाही. कडूबामामा दर महिन्याला आजी-नातीला स्कूटरवर दवाखान्यात नेतात. मी पाठ फाटलेल्या अवस्थेत शेडच्या कोपऱ्यात पडलो आहे. मामी रोज म्हणतात, "फेकून द्या ते." मामा ऐकत नाहीत. आपण काय केलं ते आपल्याला रोज दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मित्रांनो, खेळात देव करा, राक्षस करा, भुतंही करा. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. पण खेळ संपला की आम्हाला मोडून जा. आमची दया करू नका, आणि भीती तर मुळीच बाळगू नका. आम्हाला मागं सोडून तुम्ही निघून जाता, मग तिथं कुणी येतं, आणि ते खरंच अडचणीत असतं.

मागच्या महिन्यात दवाखान्यातून येताना ती तिघं शेडवर थांबली. दीपमालानं मला बघितलं आणि ती जवळ आली. "त्याच्या पाया नको पडू बाळा," मामा घाईनं म्हणाले. पण तिनं हात जोडलेच. डावा तळहात सरळ, उजवा आखडलेला, दोन्ही एकमेकांना नीट टेकेनात. मग तिनं माझ्या पाठीवरची करवतीची चीर बघितली, डाव्या हाताचं बोट त्यावरून हळूच फिरवलं आणि मामांना विचारलं,

"मामा, ह्याला लई दुखलं का हो?"