पोतीची शेवटची गाठ

तेलगावचा कय्युम पटवेकरी दोऱ्याच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेणारा माणूस नव्हता. पंचक्रोशीतल्या बायकांच्या गळ्यातलं सोनं त्याच्याच हातून ओवलेलं. रेशमाचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातांत, आणि दोन्ही हातांनी पीळ देत बसायचं. चाळीस वर्षं हेच. दात म्हणजे त्याचा तिसरा हातच होता.

त्या दातांनी आता दगा द्यायला सुरुवात केली होती. दोरा जोरात ओढला की हिरड्यांतून रक्त यायचं. सुंदरराव पाटलांच्या लेकीचं मंगळसूत्र गाठताना पिवळं रेशीम लाल झालं, तेव्हा त्यानं ते मुकाट्यानं कापलं, चिंध्यांत दडवलं आणि नवं घेतलं. बायकोजवळ, बीबीजानजवळसुद्धा, ब्र काढला नाही. हैदराबादेत मुशी नदीला पूर आला ते हे साल. कारण एकच, येत्या थंडीत नात नसीम उजवायची होती. या घरची रीत अशी, की मुलीची काळी पोत वडीलधाऱ्यानं स्वतः गाठायची आणि शेवटची गाठ सगळ्यांसमोर दातांनी ओढून पक्की करायची. नातीच्या पोतीला रक्त लागलं तर काय, हा विचार कय्युमची पाठ सोडत नव्हता.

बरं, दातांची हयगय केली म्हणावं तर तसंही नाही. पाच वेळच्या नमाजाआधी पाच वेळा दातांवर मिस्वाकची काडी चालायची. वर गळ्यात चांदीचं दातकोरणं. जेवण झालं की स्वारी त्यानं हिरड्या टोचत बसायची, आणि रक्त निघालं की वय झालं म्हणून उसासे टाकायची. वयाचं एक बरं असतं, कुठलाही दोष त्याच्या माथी मारता येतो.

दसऱ्याच्या आधी दगडाबाई तिची बोरमाळ ओवून घ्यायला आली. सत्तरीची कुणबीण, पण दोन दाढा सोडल्या तर तोंडात सगळं जागच्या जागी. कय्युम काम करत होता आणि ती पायरीवर बसून फुटाणे कुडूम कुडूम खात होती. त्यानं दोरा ओढला, रेशमावर लाल ठिपका उमटला, त्यानं तोंड फिरवलं; पण म्हातारीनं पाहायचं ते पाहिलं होतं. दातांना करतोस तरी काय, असं तिनं विचारलं. कय्युमनं मिस्वाक आणि दातकोरण्याची कहाणी मोठ्या तोऱ्यात ऐकवली.

"लई घासतूस बाबा," दगडाबाई म्हणाली, "पण दोन दातांच्या मधी काय जातंय तुझं? अंगण झाडतूस आन् कोपऱ्यातला केर तसाच. ते कोरणं ठिव बाजूला. सुताचा दोरा घे, दातांच्या मधून हळू वर-खाली ने. माझ्या सासूनं शिकवलंय. मरेस्तोवर भाकरी चावून खाल्ली तिनं."

कय्युमला आधी राग आला. पटवेकऱ्याला दोरा शिकवते ही! मग मात्र तो मनातून ओशाळला. चाळीस वर्षं त्यानं दोरा दातांत धरला होता, पण दातांच्या मधून एकदाही नेला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की तो विहिरीमागे जाऊन दोरा फिरवू लागला. तिसऱ्या दिवशी रक्त कमी व्हायचं सोडून वाढलं. म्हातारीनं आपली थट्टा केली म्हणून तो बाजारात तिला गाठून भांडायला गेला. दगडाबाईनं वांगी खाली ठेवली, भर बाजारात त्याला दोरा फिरवून दाखवायला लावला आणि कपाळाला हात मारला.

"गाठ आवळल्यावाणी ओढतूस की! हिरडी हाय ती, रेशीम न्हाई. हात हलका ठिव, मिठाच्या पाण्यानं चुळा भर, आन् सोडू नगंस."

जन्मभर दोरा करकचून आवळणाऱ्या हाताला हलकं होणं जड गेलं. पण जमलं. पंधरा दिवसांत रक्त उणावलं, महिन्याभरात थांबलं. एक हलणारी दाढ तेवढी पडलीच. गेली ती गेली, राहिलेल्या सांभाळ, असं दगडाबाईचं म्हणणं. कय्युम आता कडक भाकरी कालवणात न बुडवता खाऊ लागला, आणि प्रत्येक घासाला त्याला स्वतःचं कौतुक वाटायचं. फक्त पूर्ण जोर लावून रेशीम ओढायची हिंमत त्यानं अजून केली नव्हती.

लग्नाच्या दिवशी पोत तयार झाली. काळे मणी, पिवळं रेशीम. बायकांनी कोंडाळं केलं. नसीम मान खाली घालून समोर बसली होती. कय्युमनं बिस्मिल्ला म्हणून गाठीचं टोक दातांत धरलं आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओढलं. गाठ बसली. त्यानं दोरा सोडला, उजेडात धरला. पिवळाधम्मक.

बायका पोतीकडे बघत होत्या. नसीमनं पोतीकडे पाहिलंच नाही. तिनं मान वर केली ती थेट आजोबांच्या ओठांकडे पाहत, आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू विचारलं, "दादा, अब खून नै आता?"

घरात कुणाला पत्ता नाही, असं तो इतके दिवस समजत होता. चिंध्यांत दडवलेलं लाल रेशीम पोरीनं कधीच पाहिलं होतं; तेव्हापासून ती हीच काळजी उरात घेऊन वावरत होती, आणि त्याचा मान राहावा म्हणून गप्प होती.

"नै आता, बेटी," कय्युम म्हणाला. त्याला फार सुख झालं, आणि डोळे भरून आल्यामुळे पोत तिच्या गळ्यात बांधायला त्यानं बीबीजानला सांगितलं.