खुंटीवरची माळ

सकाळी गळ्यातली तुळशीची माळ काढायची, देवघराशेजारच्या खुंटीला अडकवायची, मग मासळीच्या तेलाची ती पिवळी कॅप्सूल गिळायची, वर पेलाभर पाणी, एक चूळ, आणि माळ पुन्हा गळ्यात. लोधीपुऱ्यातल्या मालतीबाईंचा हा रोजचा कार्यक्रम होता. माळ गळ्यात नसताना पोटात गेलं म्हणजे माळकरणीने खाल्लं नाही, असा त्यांचा हिशेब. खाल्लं ती बाई दुसरीच कोणीतरी. त्या दुसऱ्या बाईबद्दल मालतीबाईंचं मत काही फारसं चांगलं नव्हतं, पण दोघींना मिळून काळीज एकच असल्यामुळे इलाज नव्हता.

कॅप्सूलची बाटली मुलाने, विनायकने, पुण्याहून आणली होती. "आई, पाळी गेल्यावर बायकांच्या हार्टची रिस्क वाढते. ये ओमेगा-थ्री है, रोज एक घेत जा."

"कशाचं असतं रे ते?"

"मछलीचं तेल."

"अरे मेल्या! माळकरी आईला मासे चारतोस?"

"बरं बाबा, जवसाचंही मिळतं, पुढच्या वेळी ते आणतो. पण एक सुन, डॉक्टरच्या गोळ्या बंद नाही करायच्या. ये उसके बदले में नहीं है." एवढं गावच्या हिंदी-मराठी मिसळ बोलीत सांगून तो गाडी पकडायला पळाला, आणि बाटली राहिली फ्रिजवर.

मालतीबाईंची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर रक्तदाब वाढला, कोलेस्टेरॉल वाढलं, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोळ्या कायमच्या लावून दिल्या. मुलाच्या बोलण्यातलं 'रोज एक घेत जा' त्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं. गोळ्यांचं वाक्य तेवढं वाऱ्यावर गेलं. आपल्या सोयीचं तेवढं ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. शिवाय गोळी खाणारी बाई आजारी दिसते आणि कॅप्सूल घेणारी बाई कशी हुशार, टीव्हीवरच्यासारखी दिसते. महिन्याभरात गोळ्या डब्याच्या तळाशी गेल्या, आणि बाटली संपली की गुपचूप मेडिकलवरून नवी येऊ लागली.

बरं, कॅप्सूल सुरू झाल्यापासून जिभेलाही मोकळं रान मिळालं. एकादशी आणि दुप्पट खाशी! हलवायाचा तुपात घोटलेला गोड दराबा घरी आला की आधी एक वाटी, मग 'तेल आहेच की पोटात' म्हणून अर्धी वाटी आणखी. तेल आत जाऊन तुपाशी भांडतं आणि त्याला हुसकावून लावतं, असं काहीतरी चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असायचं. शाळेत त्या मुलांना विज्ञान शिकवायच्या, ही गोष्ट अशा वेळी त्या स्वतःलाही आठवू देत नसत.

दर मंगळवारी सिंधीपुऱ्यात थोरल्या जाऊबाईंकडे, म्हणजे कोकिळाबाईंकडे, बायकांचं भजन असायचं. मालतीबाई त्यांना जीजी म्हणत. माळ घालायला मालतीबाईंना हाताला धरून महाराजांकडे नेलं होतं तेही जीजींनीच. भजनात पुढचा आवाज मालतीबाईंचा. लग्न होऊन आल्या तेव्हापासून ती जागा त्यांचीच होती, आणि दुसरं कुणी तिथे बसलं तर त्यांना ताप भरल्यासारखं व्हायचं.

आणि त्या थंडीत श्वास पुरेना. ओळ अर्ध्यावर आली की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या शोभाला, गल्लीत नव्याने आलेल्या एका सुनेला, हाताने खूण केली, 'तू म्हण'. पोरीने गोड आवाजात ओळ पुरी केली. बायका गहिवरल्या. "पाहा, किती मोठं मन! नवीन पोरीले चान्स दिला," जीजी म्हणाल्या. मालतीबाईंनी मान खाली घालून ते कौतुक घेतलं. नको म्हणायला श्वास कुठे होता?

पुढच्या मंगळवारी मन आणखी मोठं झालं, त्याच्या पुढच्या मंगळवारी आणखी. असंच चाललं असतं तर बाईंचं संतांमध्ये नाव निघालं असतं.

जबडा दुखला, त्यांनी दाढेला दोष दिला. पाठ दुखली, तर उशी बदलली. जिना चढून दम लागला, तेव्हा जिना बांधणाऱ्या गवंड्याचा उद्धार केला. आंघोळ करूनही थकवा यायचा, त्याला वय म्हटलं, आणि मळमळ झाली की पित्त. एका छातीला सोडून बाकी सगळ्यांवर आळ घेऊन झाला. दुपारी एकदा गच्चीवर पापड घालायला जाताना त्या जिन्यातच बसल्या आणि त्यांना आई आठवली. आईही याच वयात गेली. तिलाही आधी बरेच दिवस दम लागायचा. सगळे म्हणाले होते, गॅस झाला होता बिचारीला. मालतीबाईंना भीती वाटली, मरणाचीच भीती वाटली. मग एवढी शिकलेली बाई उठली, खाली आली, माळ खुंटीला लावली आणि त्या दिवशीची दुसरी कॅप्सूल गिळली.

जीजींच्या नातवाच्या बारशाला भजन ठरलं. "आज शोभा नाही, बिभा नाही. माह्या घरचं कार्य आहे, तूच म्हण," जीजींनी आधीच बजावलं.

मालतीबाईंनी सुरुवात केली. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्याला आवाज वर गेला आणि तिथेच तुटला. घाम फुटला, डावा जबडा आवळून आला. हात आपोआप शोभाकडे गेला. बायका म्हणाल्या, "वा! आजही!" आणि टाळ जोरात वाजू लागले. जीजींचे टाळ मात्र थांबले.

"थांबा व सगळ्या! हिचं तोंड पाहा, पांढरं फटक पडलं!"

रिक्षा आली. दवाखान्यात लीलाधरराव, मालतीबाईंचे यजमान, धावत आले. ते खकनारच्या तहसीलमधून निवृत्त झालेले, शांत, बायकोवर पूर्ण विश्वास ठेवणारे. हृदयाचा आलेख काढायचा होता. नर्स म्हणाली, "अम्माजी की माला उतार दो."

जीजींनी हलक्या हाताने माळ डोक्यावरून काढली. डोळे मिटून पडलेल्या मालतीबाईंनी सवयीने आ केला.

"काय पाहिजे व? पाणी?"

मालतीबाईंनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

आलेख निघाला. माळ पुन्हा गळ्यात आली. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "बीपी फार वाढलंय. आणि हृदयाला रक्त कमी पडतंय. गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"एकदम नियमित," लीलाधरराव अभिमानाने म्हणाले. "रोज सकाळी. माळ काढून घेते, डॉक्टर, इतकी श्रद्धा!"

जीजींनी मान वळवली. "गोळीसाठी माळ काहाले काढते?"

डॉक्टरीणबाईंचं लक्ष कागदावरच होतं. "गोळ्या चालू असून बीपी एवढं असेल तर त्या पुरत नाहीत. मग मला जास्त जोराचं औषध द्यावं लागेल." त्यांनी पेन उघडलं.

आता गप्प राहिलं की झालं. लाज राहील, माळ राहील, पुढची जागाही राहील. फक्त औषध चुकीचं पोटात जाईल, आणि नंतर कुणीतरी म्हणेल, गॅस झाला होता बिचारीला.

"थांबा," मालतीबाई म्हणाल्या. "गोळ्या बंद आहेत. चार-पाच महिने झाले. मी मासळीचं तेल घेते. माळ काढून."

लीलाधररावांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"तेलाचं एवढं काही नाही," डॉक्टरीणबाई पेन थांबवून म्हणाल्या, "पण तुमच्या गोळ्यांचं काम ते करत नाही. गोळ्या तुम्ही सोडायला नको होत्या. बरं झालं बोललात, मी भलतंच लिहिणार होते. आता इंदूरला नेऊन अँजिओग्राफी करावी लागेल, आजच." त्या बाहेर फोन करायला गेल्या.

मालतीबाईंनी जीजींकडे पाहायचं टाळलं. "जीजी, बोला काय बोलायचं ते."

जीजी पलंगाजवळ आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात नुसता संताप. "मासोळीचं देवाशी काय ते मी बोलून घेईन. पण तुले श्वास पुरत नव्हता, तं मले काहून नाही सांगितलं व? मी तिथं बसून तुले मोठ्या मनाची म्हणत होते! सगळ्या बायकांपुढं! आणि तू मरू राहिली होती!"

मालतीबाईंना रडू आलं. "जागा जाईल वाटलं."

"जागा!" जीजी म्हणाल्या. "जागा काय जाळायची आहे तुझ्याबिगर?"

नर्स वाटीत गोळ्या घेऊन आली. "ये अभी लेनी है, अम्माजी. ये वाली चबाके."

मालतीबाईंचा हात आपसूक गळ्याशी गेला, माळेत बोटं अडकली. जीजींनी तो हात तिथेच धरला आणि खाली पलंगावर दाबून ठेवला.

"राहू दे. ही माळेसकट खायची."

मालतीबाईंनी आ केला.