घरचं काम

"हात सैल सोडा, बाई," चंद्रभान म्हणाले. दोन महिन्यांपासून ते बायकोला बाईच म्हणत होते.

जिजाबाईंनी हात सैल सोडले. महाल भागातलं टेलरिंगचं दुकान बंद करून मशीन घरी आणलं, त्याला वर्ष झालं होतं. मेंदूच्या आजारात चंद्रभान आधी गिऱ्हाइकांची नावं विसरले, मग मुलीचं, शेवटी बायकोचा चेहरा. कालच उन्नती फोनवर म्हणाली होती, "आई, बाबा उरलेच नाही वं त्या माणसात. देखभाल केंद्रात ठेवू त्याईले. तू कोणासाठी झिजून राहिली?"

 खरंच काही उरलं नाही का, ते पाहायला आज जिजाबाई ब्लाउजपीस घेऊन गिऱ्हाइकासारख्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

टेप उजव्या खांद्यावर आली आणि थांबली. चंद्रभानांचा अंगठा हाडावरच्या गाठीवर टेकला.

"पडल्या होत्या काय?"

"लुनावरून. तुम्हीच तर चालवत होते."

"मी? मी बायकोशिवाय कोणाले डबल सीट नेत नाही." मग ते जरा हसले. "तिचाही खांदा असाच. अर्धा इंच खाली. पण तिले वाटते, हाड बसलं."

"काहून?"

"ब्लाउजले त्या बाजूनं आतून अस्तराची जाड पट्टी लावतो ना मी. टेलरची बायको, पण सुईत दोरा ओवत नाही. तिले काय समजते!"

 सव्वीस वर्षं जिजाबाई आरशात सरळ खांदा पाहून डॉक्टरांना दुवा देत आल्या होत्या.

"सांगितलं काहून नाही तिले?"

"पडल्यावर लग्नाकार्यात जाणं सोडलं होतं तिनं. आता ताठ चालते. काहून सांगू? तुम्हीही बोलू नका."

"नाही बोलत. माझ्याही ब्लाउजले लावा तशी पट्टी."

चंद्रभानांनी टेप गळ्यात टाकली. "ते जमणार नाही, बाई. ते घरचं काम आहे."

कोपऱ्यात फोन वाजला. उन्नती होती. "केंद्रवाले विचारून राहिले. काय सांगू?"

"नाही म्हणून सांग. बाबा इथंच आहेत."

फोन ठेवून जिजाबाईंनी अंगातल्या ब्लाउजच्या उजव्या खांद्यात बोट घातलं. आत पट्टी होती. बारीक, एकसारख्या टाक्यांची.