ओल्शिंकाचं तळं

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एक अख्खा हिवाळा मी ओल्शिंकात काढलाय!" खुर्ची खाटेजवळ ओढत ऑस्वाल्डने जाहीर केलं, आणि तेही अशा आवाजात, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा टीव्हीवरचं क्रिकेट सोडून वळला.

ऑस्वाल्ड मूळचा अर्नाळ्याचा. पोलंड त्याने नकाशातही धड पाहिला नव्हता. पण सिडनीच्या वर्कशॉपात वर्षानुवर्षं स्टेफानशेजारी बसून डबा खाल्लेला, आणि स्टेफानच्या तोंडी ओल्शिंकाखेरीज दुसरं गावच नसायचं. ऐंशी साली स्टेफान गेला. आता त्याची बायको हेलेना वेस्टमीड हॉस्पिटलच्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडली होती. पक्षाघाताचा झटका तसा सौम्य होता, पण तेव्हापासून बोलणं बंद. डॉक्टर म्हणत, वाचा शाबूत आहे, बाईंचं मनच उठलंय. बोलली नाही तर पुढच्या आठवड्यात नर्सिंग होम, म्हणजे घराला कायमचं कुलूप.

"पप्पा, हळू," वॉर्डातली नर्स, त्याची मुलगी बर्नाडेट पुटपुटली. "आणि थापा जरा कमी."

"नो वरीज!" म्हणत तो हेलेनाकडे झुकला आणि इंग्रजीत सुरू झाला.

"तळं कसं, काकडीसारखं लांबट. एका टोकाला लाल विटांचं चर्च, दुसऱ्या टोकाला बर्चचं रान. आणि गाव मोठं खट्याळ हं! माणसं जागची हलायची नाहीत, देशच येऊन-जाऊन असायचे. स्टेफानची आजी जर्मनीत जन्मली, पोलंडमध्ये वारली, आणि उभ्या जन्मात अंगणाबाहेर गेली नाही!"

चादरीवर हेलेनाची बोटं हलली.

"थंडीत गोठलेल्या तळ्यावरून पाद्री घोडागाडी हाकत यायचा. बर्फाला भोकं पाडायची न् जाळं खालून ओढायचं. मी ओढलं, तर माशाने उलट मलाच ओढलं! पाद्र्याने माझे पाय धरले, घोड्याने पाद्र्याचा झगा."

शेजारचा म्हातारा खो खो हसला. हेलेनाने हळूच मान वळवली. झालं, ऑस्वाल्डला चेव चढला. स्टेफानने सांगितलेलं सगळं संपलं होतं; आता जे सुचेल ते.

"उन्हाळ्यात तर बघायलाच नको! सकाळी ओहोटी लागली की पाणी पार रानापर्यंत मागे. होड्या कुशीवर पडलेल्या, बायका चिखलात शिंपल्या वेचतायत. दुपारी भरती आली की स्टेफान तुझ्या खिडकीखाली होडी लावून शीळ घालायचा, न् तू—"

"खोटं!"

आवाज फाटका, खरखरीत. बर्नाडेट औषधांचा ट्रे घेऊन जागीच थबकली. हेलेना कोपरावर उठली होती, गाल लालबुंद.

"तळ्याला कुठली आलीय भरती, खोटारड्या! आणि शीळ? माझ्या स्टेफानला शीळ कधी जमलीच नाही!"