मल्हारी हवालदारांचं रिव्हॉल्व्हर

नोटीस आली त्या दिवशी संध्याने ती स्वतः तीनदा वाचली आणि मग आईला वाचून दाखवली.

तिचे वडील अण्णा, म्हणजे निवृत्त हवालदार मल्हारी पगारे, जाऊन चार महिने झाले होते. त्यांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर तिने दिवसकार्य होताच परवाना असलेल्या दुकानात जमा केलं होतं आणि वारस म्हणून अर्जही दिला होता. आता कलेक्टर कचेरीने कळवलं होतं की परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावरचा नंबर जुळत नाही. परवान्यावरचं शस्त्र कुठे गेलं आणि हे दुसरं कुठून आलं, याचा खुलासा सोमवारी अकरा वाजता करावा. समाधानकारक खुलासा न झाल्यास गुन्हा नोंदवला जाईल.

"म्हणजे त्यांनी चोरलं म्हणतायत?" भिमाबाईंनी विचारलं.

"तसं नाही म्हटलेलं, आई."

"मग काय म्हटलंय?"

संध्याने कागदाची घडी घातली. आईला काय सांगणार? हे बोलणं या घराला नवं नव्हतं. पलटणीतल्या मेजरसाहेबांनी निवृत्तीच्या वेळी रिव्हॉल्व्हर आपल्याला दिलं, असं अण्णा सांगायचे, आणि कॉलनीच्या नाक्यावर लोक हसायचे. "पगाऱ्याला कोण साहेब रिव्हॉल्व्हर देतोय? छावणीतून उचललं असेल." अण्णा भांडायचे नाहीत. "कागद आहे," एवढंच म्हणायचे. पुढे मेजरसाहेबांचं ते पत्र गोदेच्या एका पुरात ट्रंकेसकट भिजलं, त्याचा लगदा झाला. परवाना तेवढा वाचला. आणि आता तोच परवाना अण्णांना खोटं पाडत होता.

संध्याची तीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. दोन आकडे जुळले नाहीत तर कुणाला खोटं ठरवण्याआधी नमुना कुठून घेतला ते बघायचं, हे तिच्या हाताला वळण होतं. शनिवारी सकाळी ती दुकानात गेली.

दुकान मेन रोडच्या मागच्या गल्लीत होतं. भिकन मिस्त्री सत्तरीचे. रानडुकरांना पिटाळायला शेतकरी ठेवतात त्या बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"ताई, नंबर मीही बघितलाय," ते सुरुवातीलाच म्हणाले. "कचेरीवाले बरोबर आहेत. उगाच आशा लावून बसू नका."

"आशा नाही लावत. बघायचंय फक्त."

"बघायला काय, बघा की. लोक तर हे बघायलाच येतात. फोटो काढून नेतात, लग्नाच्या मुलीसारखे."

त्यांनी तिजोरीतून रिव्हॉल्व्हर काढलं, खोलून रिकामं आहे याची खात्री केली, पुन्हा बंद केलं आणि दिव्याखाली फडक्यावर ठेवलं. मग भिंगाने एकेक खूण दाखवू लागले. नळीच्या वरच्या पट्टीवर मार्क सहा, म्हणजे बनावटीचा क्रमांक. बाजूला १९१७ साल; म्हणजे पहिल्या महायुद्धातलं, बर्मिंगहॅमचं. फ्रेमवर सहा आकडी नंबर, ठसठशीत. त्याच्या पुढे बारीक बाण.

"हा बाण म्हणजे सरकारी माल. इंग्रज सरकारचा." त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला. काळा थर निघाला तसा पहिल्या बाणासमोर दुसरा बाण दिसला, टोकाला टोक लावून उभा. मिस्त्रींनी भिंग आणखी जवळ नेलं.

"हे काय आहे?" संध्याने विचारलं.

"सरकारने विकून टाकल्याची खूण. कुणा साहेबाने रीतसर विकत घेतलं असणार. ताई, पळवलेल्या मालावर सरकार हा शिक्का मारत नाही."

संध्या स्टुलावर बसली. नाक्यावरचं हसू तिला लहानपणापासून ऐकू येत होतं, ते एकदम थांबल्यासारखं झालं. पण हिशेब पुरा झालेला नव्हता, हेही तिला दिसत होतं.

"हे छावणीतून उचललेलं नाही, एवढंच यातून ठरतं," ती हळू म्हणाली. "परवान्यावरचं रिव्हॉल्व्हर ते हेच, हे कुठे ठरतंय?"

"नाही ठरत," मिस्त्रींनी कबूल केलं.

"परवाना केला तेव्हा नंबर कुणी वाचला असेल?"

"त्या वेळच्या कारकुनाने. माणूस शस्त्र हातात देणार, तो वाचून लिहिणार." मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचे वडील कसं द्यायचे हो हातात?"

संध्याला आठवायला वेळ लागला नाही. महिन्यातून एकदा अण्णा तेलपाणी करायचे आणि पुसायला म्हणून तिच्या हातात द्यायचे. मिस्त्रींनी मान हलवली तसं तिने रिव्हॉल्व्हर उचललं, अंगठ्याने मागची खिट्टी दाबली आणि ते बिजागरीवर मधून उघडलं. नळीचं तोंड जमिनीकडे, सिलिंडरची सहा रिकामी भोकं समोरच्याकडे. तसंच तिने ते पुढे केलं.

"असं. बंद कधीच नाही. घेणाऱ्याला आधी रिकामी भोकं दिसली पाहिजेत, म्हणायचे. कलेक्टर असला तरी."

मिस्त्रींनी ते हातात घेतलंच नाही. वाकून बघत राहिले.

"हलू नका, ताई. सिलिंडरच्या काठाला काय आहे ते?"

शेवटच्या आजारपणात अण्णांच्याने तेलपाणी झालं नव्हतं; काठावर जुन्या तेलाचा काळा, कडक थर होता. मिस्त्रींनी बोळा संध्याच्याच हातात दिला. टेस्टट्यूब पुसावी तितक्या हलक्या हाताने ती पुसत राहिली. आधी दोन दिसला, मग एक, मग चार.

"वाचा," मिस्त्री परवान्याची झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून म्हणाले.

"दोन, एक, चार, तीन, शून्य..."

"पुढचा?"

"सात."

"सातच," मिस्त्री म्हणाले आणि झेरॉक्स खाली ठेवली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. लष्करात दुरुस्तीला गेलं की एका रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर दुसऱ्याला बसायचा. नंबर ज्याचा त्याच्या अंगावर राहायचा. कारकुनापुढे आला तो उघडा सिलिंडर, त्याने तोच नंबर लिहिला. नंतर दर नूतनीकरणाला अण्णा तसंच उघडून द्यायचे आणि जो तो समोरचा नंबर परवान्याशी ताडून सही करायचा.

"आणि या वेळी?"

"या वेळी कचेरीत पेटीतून मीच नेलं. बंद." मिस्त्रींनी कान पकडला. "तुमच्या वडिलांची शिस्त मला नाही हो."

सोमवारी कचेरीतल्या बाई, मोहिनी देवरे, यांनी दोघांचं शांतपणे ऐकलं. मग मिस्त्रींना रिव्हॉल्व्हर उघडायला लावून स्वतःच्या भिंगाने दोन्ही नंबर वाचले, दोन्ही बाणही पाहिले. "या शाखेत माझी ही दुसरी बदली, पण असं पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. आठ दिवसांनी आदेश आला: दोन्ही नंबर नोंदीत घ्यावेत, शस्त्र तेच आहे, कै. हवालदार मल्हारी पगारे यांच्याविरुद्ध कोणतीही हरकत उरलेली नाही.

संध्याने मिस्त्रींना फोन लावला. त्यांच्यासमोर कुणी शेतकरी बसला होता. "झालं ना? मग झालं तर," म्हणून त्यांनी ठेवूनही दिला. आभाराचे तिने जुळवलेले शब्द तोंडातच राहिले.

आभार असे राहून गेलेले भिमाबाईंना पटले नाहीत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, गुडघे दुखत असताना त्या रिक्षात बसल्या आणि दुकानाच्या तीन पायऱ्या लेकीचा हात धरून चढल्या.

"जय भीम, भाऊ."

"जय भीम, आई. अहो, तुम्ही कशाला आलात? बसा, बसा." मिस्त्रींनी घाईघाईने स्टूल पुसलं.

भिमाबाई बसल्या नाहीत. "तुम्ही आमच्या माणसावर विश्वास ठेवलात," त्या म्हणाल्या.

मिस्त्री अवघडले. "खरं सांगू, आई? मी कसला विश्वास ठेवतोय. मी आपला नंबर वाचला."

"तेच म्हणते मी," भिमाबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं सगळे बोलले, भाऊ. वाचलं तुम्ही."

मिस्त्रींनी गल्लीत डोकं काढून तीन चहा सांगितले, आणि मग भिमाबाई स्टुलावर टेकल्या.